रेषेपुढचं अर्धं पाऊल

सुजाता,

रविवारी तुझ्यासाठी आम्ही सगळे कम्युनिटी हॉलमध्ये जमलो. शिकागोहून भन्तेजी आले होते. त्रिशरण-पंचशील झालं. बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी तुझा फोटो ठेवला होता. ऑफिसच्या बॅजवरून मोठा केलेला, ज्यात तू कुणीतरी नुकताच दम दिल्यासारखी बघते आहेस. मग लोक बोलायला उठले. कुणी तुझ्या कामाबद्दल बोललं, कुणी नागपूरहून आलेल्या मुलामुलींना तू ॲन आर्बरमध्ये खोल्या शोधून द्यायचीस त्याबद्दल. सगळं खरं होतं. पण पानगळीतले तुझे शुक्रवार कुठे जायचे, ते कुणीच सांगितलं नाही. बहुतेकांना माहीतच नव्हतं. ज्यांना माहीत होतं त्यांना ते तुझं एक खूळ वाटायचं. चाळिशी उलटलेली मराठी बाई, पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट घालून हायस्कूलच्या पोरांच्या अमेरिकन फुटबॉलमध्ये, त्या हातात बॉल घेऊन पळायच्या खेळात, शिट्टी फुंकते.

मलाही बोलायला सांगितलं होतं. मी उठले, "सुजाता माझी मैत्रीण होती" एवढंच म्हटलं आणि खाली बसले. जे बोलायचं होतं ते हॉलशी बोलण्यासारखं नव्हतं.

तुला खेळ नंतर कळला, नियम आधी. शिकायला आलीस तेव्हा तू स्टेडियमजवळच्या एका घराच्या बेसमेंटमध्ये राहायचीस. मॅचच्या शनिवारी लोकांच्या अंगणात गाड्या लागायच्या, ग्रिलचा धूर खिडकीतून आत यायचा आणि दुपारभर तो प्रचंड आवाज. "एवढे लोक एकदम काऊन ओरडतात ते समजेना, म्हणून लायब्ररीतून नियमांचं पुस्तक आणलं," असं तू सांगायचीस. दुसरी कुणी असती तर मॅच बघायला गेली असती. पुढे कधीतरी तू पंचांच्या क्लासला नाव घातलंस. पास झालीस तेव्हा बिल्डिंगभर पेढे वाटलेस, आणि पेढे कशाचे हे सांगता सांगता तुझी दमछाक झाली. नागपूरला तुझ्या आईला तर "मी पंच झाले" एवढंच कळलं. गल्लीत त्यांनी सांगून टाकलं की पोरगी अमेरिकेत पंच आहे, लोकांची भांडणं सोडवते.

मला हा खेळ कळला तो माझ्या स्वयंपाकघरात. माझी लेक ईशा शाळेची मॅच बघून आली होती आणि तिने तुला विचारलं, "मावशी, ते एवढे मोठे गाइज बॉल कॅच का नाही करत? दे जस्ट पुश."

तू शेंगदाण्यांची बरणी ओढलीस आणि टेबलावर अकरा दाणे मांडलेस. "हे पाय. सात जण रेषेवर, चार मागे. मागचे चार पास झेलू शकतात. रेषेवरचे फक्त दोन टोकाचे झेलू शकतात. मधल्या पाचांनी नुसतं ढकलायचं. आणि हा मधोमधला, पायांमधून बॉल मागे देतो तो, सेंटर. तो कधी झेलत नाही, म्हणून त्याच्याकडं कोणी पाहत नाही. समजलं?"

ईशाने मान हलवली. मग तू बोटाने सेंटरच्या डावीकडचे रेषेवरचे दाणे उचलून सगळे त्याच्या उजवीकडे नेऊन ठेवलेस. डावीकडे फक्त एक दाणा राहिला, तोही रेषेच्या मागे.

"आता सेंटर कुठं आहे?"

ईशा वाकून बघत राहिली. "ही इज ॲट द एंड!"

"टोकाला आला. म्हणजे तो झेलू शकतो. शर्टावर झेलणाऱ्यांना ठरवून दिलेला नंबर पाहिजे, बस. पण समोरची टीम अजून त्याला नेहमीचा सेंटरच समजून राहिली. तो बॉल मागे देतो, आणि आरामात पळत सुटतो."

"सो कूल," ईशा म्हणाली.

मी पोळ्या लाटत होते. म्हटलं, "कूल काय त्यात? ही सरळसरळ लबाडी आहे."

तू माझ्याकडे वळलीस ती अशी, की मी लाटणं खाली ठेवलं. "लबाडी कशी? सेंटरनं मधोमधच उभं राहावं असं कुठं लिहिलं आहे? ज्यांच्याकडं तगडी पोरं असतात ना मीनल, ते नेहमी म्हणतात, सरळ खेळा. सरळ खेळलं की तेच जिंकतात. लहान शाळेनं काय करायचं? नियम दोघांना सारखा असतो, कारण तो लिहिलेला असतो. रिवाज मोठ्यांचा असतो. मी नियमाची शिट्टी वाजवते, रिवाजाची नाही."

मी पुन्हा पोळी लाटायला घेतली. तू नुसतं फुटबॉलबद्दल बोलत नव्हतीस, हे मला कळलं होतं. मी पुण्यात ज्या घरात वाढले तिथे रिवाज हा शब्द कुणाला उच्चारावाही लागायचा नाही. तो कायम आमच्याच बाजूचा होता. तुला हे माहीत होतं आणि तरी तू माझ्याशी इतकी भांडायचीस, हे मला आज मोठं वाटतं. तेव्हा नुसतं वाटायचं की ही फार बोलते.

असल्या विचित्र मांडण्यांची तुला नुसती आवड नव्हती, वेड होतं. मागे कुणीतरी किक मारायच्या वेळची एक सवलत शोधून काढली आणि अकराच्या अकरा पोरांना झेलणाऱ्यांचे नंबर देऊन टाकले. समोरच्यांना कळेचना की कुणाला अडवायचं. मग नियम करणाऱ्यांनी ती फट बुजवली. हे सांगताना तुला वाईट वाटायचं, पण राग नसायचा. "बंद केली तर केली. निदान लिहून तरी बंद केली," म्हणायचीस.

पण तुझी एक हद्द होती. लहान पोरांच्या एका मॅचमध्ये कोच बाजूने ओरडला, "अरे, हा बॉल चुकीचा आहे, बदलून आणा!" सेंटरने बॉल हळूच मागच्याला दिला, तो बॉल बदलायला निघाल्यासारखा चालत निघाला, समोरची पोरं कमरेवर हात ठेवून बघत उभी, आणि हा एकदम पळत सुटला. स्टँडमध्ये आम्ही सगळे हसून लोटपोट. तू शिट्टी फुंकलीस आणि तो टचडाउन, म्हणजे त्याने पळत जाऊन मिळवलेले गुण, रद्द. परतताना गाडीत मी म्हटलं, "आता तुझी लहान शाळा कुठे गेली? शेवटी दोन्ही फसवणंच ना?"

"नाही. उभं राहून फसव, पळून फसव. समोरच्याला डोळे आहेत, त्यानं पाहावं. पण तोंडानं खोटं बोलून फसवायचं नाही. तो खेळ नाही."

मला हा फरक कधी पटला नाही. त्यावर आपण किती वर्षं भांडलो! मध्ये तुझं पहिलं आजारपण येऊन गेलं, केमो झाली, केस गेले आणि आले. केस आले ते कुरळे आले, आणि त्या कुरळ्या केसांवर काळी टोपी चढवून तू पुन्हा मैदानावर उभी राहिलीस. तेव्हा मला वाटलं, संपलं ते दुखणं.

आता त्या मॅचबद्दल. तू असतीस तर म्हणाली असतीस, सोड ना. पण मला सोडता येत नाही.

सीझन संपत आला होता. इथून तासाभरावरचं छोटं गाव, चहूकडे कापून झालेल्या मक्याची शेतं. तुला थकवा वाटत होता म्हणून गाडी मी चालवली. नुसता थकवा नव्हता, हे आपल्याला नंतर कळलं. लहान शाळेची ती टीम हरली तर त्यांचा सीझन तिथेच संपणार होता. मॅचच्या आधी कोच पंचांच्या खोलीत येऊन गेला. काही वेगळी मांडणी करणार असाल तर पंचांना आधी सांगायची इथली पद्धत आहे, म्हणजे पंचच गोंधळायला नकोत. बाहेर येऊन तू स्टँडच्या कठड्यापाशी मला एवढंच म्हणालीस, "आज एक गंमत आहे. सांगणार नाही. फक्त माझ्या बाजूला पाहत राहा." तुझा चेहरा लहान मुलीसारखा झाला होता. गेल्या कित्येक महिन्यांत मी तो तसा पाहिला नव्हता.

तू लाइन जज होतीस. म्हणजे रेषेच्या टोकाशी उभं राहून कोण रेषेवर आणि कोण मागे हे बघणं तुझं काम. मॅचभर ती गंमत झालीच नाही. मी ब्लँकेटमध्ये गुरफटून बसले होते. अगदी शेवटी, लहान शाळा थोड्याशा गुणांनी मागे असताना, त्यांची पोरं पळत येऊन उभी राहिली आणि मी टेबलावरचे शेंगदाणे ओळखले. सगळी फळी उजवीकडे. बॉलपाशी सेंटर एकटाच. डावीकडे, तुझ्यापासून चार हातांवर, एक सडपातळ पोरगा, रेषेच्या जरा मागे.

बॉल मागे गेला. सेंटर पळत सुटला आणि त्याच्यामागे खरंच कुणी गेलं नाही. पास त्याच्या हातात अलगद येऊन पडला. सगळं गाव उठून उभं राहिलं. मीही उठले, ओरडले. माझ्या शेजारच्या अनोळखी म्हातारीने मला मिठी मारली. सुजाता, मी आयुष्यात पहिल्यांदा मनातल्या मनात कबूल केलं की ही लबाडी नव्हे, हे सुंदर आहे. तुला ते गाडीत सांगायचं मी तेव्हाच ठरवलं होतं.

आणि मग मला गवतावर पडलेला पिवळा रुमाल दिसला, नियम मोडला की पंच टाकतात तो. तुझाच.

मुख्य पंच तुझ्याकडे पळत आला. तुम्ही दोघं बोललात. तू हाताने दाखवत होतीस. डावीकडचा पोरगा मागे असायला हवा होता, तो रेषेवर आला होता. तो रेषेवर आला की टोक तो होतो, सेंटर पुन्हा आतला होतो, आणि आतल्याला पास झेलता येत नाही. टचडाउन रद्द. थोड्या वेळाने मॅच संपली.

मग जे ओरडणं सुरू झालं ते मी तुला कधी शब्दाला शब्द सांगितलं नाही, आताही सांगणार नाही. "आंधळी" हा त्यातला सगळ्यात सौम्य शब्द होता. "हिला आपला खेळ काय कळतो" असंही होतं, आणि त्यातला "आपला" मला फार लागला. मघाशी मिठी मारणारी म्हातारी तोंड फिरवून बसली. मी खाली कठड्यापाशी येऊन उभी राहिले, तुला दिसावी म्हणून. तू वर पाहिलंच नाहीस. पंचांच्या घोळक्यात मान ताठ ठेवून चालत गेलीस.

गाडीत बसल्यावर तू बूट काढलेस आणि पाय सीटवर घेतलेस. गाव मागे पडल्यावर मी विचारलं, "इतकं पुढे होतं का ते पोरगं?"

"अर्धं पाऊल."

"अर्ध्या पावलाने काय झालं असतं? कुणाला दिसलं असतं?"

"मला दिसलं."

"तुला तर ती मांडणी जिंकायला हवी होती ना गं?"

तू खिडकीबाहेर अंधारलेल्या शेतांकडे पाहत होतीस. म्हणालीस, "मीनल, त्यांच्यापेक्षा जास्त पाहिजे होती." आणि रडायला लागलीस. तुला केमोत रडताना मी पाहिलं नव्हतं.

मला जे सांगायचं होतं ते राहून गेलं. रडणाऱ्या माणसाला काय सांगणार, की तुझी मांडणी शेवटी मला आवडली?

पुढच्या आठवड्यात स्कॅन झालं. त्यानंतरचं आपल्या दोघींना पाठ आहे. यकृत, मग फुप्फुस. एकदा तू माझ्या सोफ्यावर पडून आईंशी बोलत होतीस. "काही नाही गं आई, काम फार होऊन राहिलं, थोडा अशक्तपणा आहे." फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "सुजाता, हा चुकीचा बॉल आहे."

तुला क्षणात कळलं. तू उठून बसलीस. "माझ्या आईच्या मध्ये येऊ नको," म्हणालीस. कोट अंगावर चढवून, धाप लागत असताना, तू बर्फातून पार्किंग ओलांडून तुझ्या घरी गेलीस आणि दोन दिवस फोन उचलला नाहीस. तिसऱ्या दिवशी तूच आलीस. भांडणाबद्दल अवाक्षर नाही. "आईला सांगितलं," एवढंच. मग आम्ही आईंच्या व्हिसाच्या मागे लागलो. मुलाखतीची तारीख मिळाली, ती तुझ्यानंतरची निघाली. आईंनी तुला शेवटचं फोनच्या स्क्रीनवर पाहिलं. ईशाने फोन धरला होता, तो सारखा कलत होता आणि आई पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, "बेटा, नीट धर, तिचं तोंड दिसू दे."

तू आधी सांगितलं असतंस तर त्या पोचल्या असत्या, असं माझं मन म्हणतं. आणखी चार महिने त्या बाईला सुखाने झोपू द्यायचं होतं, असं तू म्हणाली असतीस. हे भांडण आता मला एकटीलाच दोन्ही बाजूंनी लढावं लागतं आणि तुझी बाजू मला तुझ्यासारखी मांडता येत नाही.

शेवटच्या दिवसांत तू जागेपणी फार बोलत नव्हतीस. पण एकदा दुपारी डोळे उघडून तू मला विचारलंस, "मीनल, त्या दिवशी मला दिसलं होतं ना?"

मला आधी समजलंच नाही.

"ते पोरगं. आधी मागे होतं. मी हात मागे धरला, म्हणजे तू मागे आहेस, बरोबर आहेस. मग तो सरकला आणि मी हात खाली घेतला. घेतला ना? त्या दिवसांत डोळ्यांपुढं अंधारी यायची माझ्या. मी कोणाला सांगितलं नव्हतं. न दिसताच रुमाल टाकला असेल तर?"

"तुला दिसलं होतं," मी म्हटलं.

"तू बॉलकडं पाहत होती," तू म्हणालीस. रागाने नाही. खरं तेच बोललीस. मी बॉलकडेच पाहत होते. सगळं गाव बॉलकडे पाहत होतं. त्या अर्ध्या पावलाकडे बघणारी तिथे तू एकटी होतीस, आणि आता तुझीच तुला खात्री उरली नव्हती. मी तुझा हात धरून बसले. याहून जास्त काही माझ्यापाशी नव्हतं. चार दिवसांनी तू गेलीस.

रविवारी हॉलमधून सगळे निघाल्यावर मी गाडीत उरलेले डबे ठेवत होते. एक उंच, पांढऱ्या मिशांचा माणूस माझ्याकडे आला. अंगात शाळेचं जॅकेट. त्या लहान शाळेचा कोच. पंचांपैकी कुणाकडून तरी त्याला कळलं होतं. मागच्या रांगेत बसला होता म्हणाला, भाषा कळली नाही, पण बसून राहिला.

मग त्याने सांगितलं. त्या मॅचनंतर घरी जाताना बसमध्ये ते सडपातळ पोरगं त्याच्याशेजारी येऊन बसलं. म्हणालं, कोच, मी पुढे सरकलो होतो. मला वाटलं मी फारच मागे आहे. लाइन जजचा हात मागे होता, मी सरकलो तसा तिने खाली घेतला. मी ते पाहिलं, पण तोवर बॉल निघाला होता.

मी हातातला डबा गाडीच्या टपावर ठेवला. "तुम्हाला त्याच दिवशी माहीत होतं?"

"हो."

"मग तिला का नाही कळवलंत?"

त्याने मिशीवरून हात फिरवला. "मी रागात होतो. तिच्यावर नाही, पण राग होता. मग थंडी आली, सीझन नव्हता. वाटलं, पुढच्या वर्षी भेटेल तेव्हा सांगू. ती आजारी आहे हे मला माहीत नव्हतं."

मला त्याला पुष्कळ बोलायचं होतं. एक फोन, सुजाता. एका फोनने तुझी ती दुपार वेगळी गेली असती. पण त्याचे डोळे भरले होते आणि तो दूरवरून गाडी चालवत आला होता. मी त्याला एक डबा दिला. तो डबा दोन्ही हातांत धरून तो गाडीत जाऊन बसला.

तर हे तुला सांगायचं होतं. तुला दिसलं होतं. तू हात खाली घेतला होतास. अंधारी नव्हती, चूक नव्हती. आणि ती मांडणी सुंदर होती, तेही आत्ताच सांगते.

काल सकाळी मी नागपूरला फोन लावला. वाटलं, निदान एका माणसाला तरी हे कळायला हवं. मी आईंना मावशी म्हणते हे तुला आवडायचं. मी सावकाश सगळं सांगितलं. मैदान, रेषा, ते पोरगं, तू टाकलेला रुमाल, लोकांचं ओरडणं, कोचचं बोलणं. त्यांना फुटबॉलचं काही कळलं असेल असं वाटत नाही. त्या मध्ये मध्ये फक्त "हं" म्हणत होत्या.

मग म्हणाल्या, "म्हणजे माझ्या पोरीचं बरोबर होतं."

"हो मावशी. अगदी बरोबर होतं."

"आणि त्या पोराला माहीत होतं. त्याच्या मास्तरलाही माहीत होतं."

"हो."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. त्यांनी उठून गॅस बंद केल्याचा आवाज आला, मग चपला ओढत परत आल्याचा.

"मग ती एवढ्या लोकांत एकटी काऊन उभी होती, बाई?" त्यांनी विचारलं.

मी फोन कानाला धरून उभी राहिले. आम्ही दोघींनी खूप वेळ फोन ठेवला नाही.